सही मारा, औषध मारा, चक्कर मारा: ‘मारणे’ कसं समजून घ्यायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही मूळचे मदुरैचे, बँकेत अधिकारी, आणि सध्या सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत आहात. पुस्तकावरून मराठी शिकलात, कामापुरतं बोलताही येतं. पण ‘मारणे’ने तुम्हाला भंडावून सोडलंय. शिपाई म्हणतात, “साहेब, एवढी सही मारा.” शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणतात, “चला, एक चहा मारून येऊ.” शेतकरी सांगतो, “काल उसाला औषध मारलं, परवा रानात रोटर मारायचाय.” आणि एक ग्राहक तक्रार घेऊन येतो, “त्या दुकानदारानं माझे पैसे मारले.” शब्दकोशात मात्र तुम्हाला ‘ठार करणे’ आणि ‘मारहाण करणे’ एवढंच ठळकपणे दिसलं. म्हणून तुम्ही सगळ्या अर्थांची यादी मागितलीत.

मी अमराठी नोकरदारांना मराठी शिकवतो: बँकवाले, रेल्वेवाले, दवाखान्यातल्या परिचारिका. ‘मारणे’चा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. त्या अनुभवावरून सांगतो, यादीचा उपयोग होणार नाही. ती संपतच नाही. आज दुकानदार “स्कॅन मारा” म्हणतो, ते काही वर्षांपूर्वी कोणी म्हणत नव्हतं. शिवाय यादी पाठ झाली तरी तुमची खरी अडचण तशीच राहील. चहाच्या वेळी कोणी “चहा मारू” म्हणालं तर अर्थ तुम्हाला प्रसंगावरून कळतोच. अडतं ते पुढे. हे मी कोणाशी बोलू शकतो? यात काही वावगं आहे का? शिपायांनी ‘सही करा’ न म्हणता ‘सही मारा’ म्हटलं, म्हणजे मान कमी दिला का? तुमचे प्रश्न खरे हे आहेत, आणि त्यांची उत्तरं देता येतात.

सुरुवात तुमच्याच भाषेपासून करू, कारण या बाबतीत तुम्ही हिंदी भाषकाइतकेच पुढे आहात. तमिळमधला ‘अडि’ आठवा. त्याचाही मूळ अर्थ मारणे, ठोकणे असाच. पण तुम्ही फोन ‘अडि’ता, भिंतीला पेंट ‘अडि’ता, शिट्टी ‘अडि’ता, डोळा ‘अडि’ता, हॉर्न ‘अडि’ता, पिकावर मरुंदु ‘अडि’ता, मित्रांबरोबर अरट्टै ‘अडि’ता. आता मराठी पाहा: फोन मारणे, रंग मारणे, शिट्टी मारणे, डोळा मारणे, हॉर्न मारणे, औषध मारणे, गप्पा मारणे. एकूण एक जुळतं. भाषाकुळं वेगळी असली तरी शेजार फार जुना आहे. तेव्हा ‘मारणे’ ऐकल्यावर मनात आधी ‘अडि’ येऊ द्या, ‘ठार करणे’ नको.

फक्त दोन ठिकाणी सांभाळा. तमिळमध्ये ‘तण्णि’ म्हणजे पाणी, पण ‘तण्णि अडि’ म्हणजे दारू पिणे. मराठीत ‘पाणी मारणे’ म्हणजे नव्या बांधकामावर पाणी शिंपडणे. गृहकर्जाच्या पाहणीला गेलात आणि गवंडी म्हणाला, “स्लॅबला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारतोय,” तर तो कामात चोख आहे असं समजा. स्लॅब किमान 7 दिवस ओला ठेवावाच लागतो. दुसरं, ‘कट अडि’ म्हणजे तुमच्याकडे वर्ग बुडवणे. इथे ‘कट मारला’ म्हणजे गाडीवाला अगदी अंगाला घासून पुढे निघून गेला. वर्ग किंवा ऑफिस बुडवण्याला इथे कुठे दांडी मारणे म्हणतात, कुठे बुट्टी मारणे.

आता कामाचा मुद्दा. या सगळ्या प्रयोगांत अर्थ ‘मारणे’त नसतो, त्याच्या आधीच्या नामात असतो. चहा, सही, औषध, चक्कर, थाप ही नामं सांगतात काय घडलं. ‘मारणे’ सांगतं ते कसं घडलं. माझ्या मते बोलीतल्या ‘मारणे’चा गाभा एवढाच आहे: काम एका झटक्यात, फारसा विचार किंवा सोपस्कार न करता उरकलं. ‘चहा घेऊ या’मध्ये निवांत बसणं आहे, कदाचित महत्त्वाचं बोलणंही आहे. ‘चहा मारू’मध्ये टपरीवर उभ्याउभ्या दोन घोट घेऊन परत येणं आहे. ‘फोन करतो’ हे आश्वासन वाटतं, ‘फोन मारतो’ म्हणजे मिनिटभराचं काम. ‘फिरायला जातो’ आणि ‘एक चक्कर मारून येतो’ यांतला फरकही असाच.

म्हणूनच सावकाश, निगुतीने करायच्या कामांना ‘मारणे’ चिकटत नाही. स्वयंपाक कोणी मारत नाही, अभ्यास मारत नाही, पूजा मारत नाही. इंग्रजीतून आलेल्या नव्या शब्दांनाही हाच नियम लागतो. मेल मारतात, प्रिंट मारतात, रिचार्ज मारतात, किक मारतात, ब्रेक मारतात. पण गिअर टाकतात, पासवर्ड टाकतात, फॉर्म भरतात, लोन काढतात. ब्रेक आणि गिअर एकाच गाडीतले, दोन्हींवर हात-पाय एका क्षणात पडतो, तरी क्रियापदं वेगळी. याचं कारण मला असं वाटतं की गिअर एका जागेवरून दुसरीकडे ‘टाकला’ जातो, ब्रेकवर मात्र आघातच होतो. कोणाला हे पटेल, कोणाला नाही. नियम सगळीकडे चालत नाही हेही मान्य करायला हवं. गप्पा तासन् तास मारतात, रिकामा दुकानदार दिवसभर माशा मारतो, आंदोलक रात्रभर ठिय्या मारतात. हे जुने, घट्ट बसलेले वाक्प्रचार आहेत आणि ते नियमाला बांधलेले नाहीत. नियमाचा उपयोग तुम्हाला नवा शब्द ऐकताना होईल.

मग शिपायांनी मान कमी दिला का? नाही. ते हजेरीवहीतल्या किंवा व्हाउचरवरच्या नेहमीच्या सहीबद्दल बोलत होते. ‘मारा’ हा शब्द त्यांनी सहीसाठी वापरला, तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी ‘साहेब’ आहे आणि आदरार्थी ‘मारा’ आहे, ‘मार’ नाही. कर्जमंजुरीच्या कागदावर सही हवी असती तर बहुतेक तेच “साहेब, इथे सही करा” म्हणाले असते. लक्ष देऊन ऐका, हा फरक तुम्हाला सापडेल.

पण उलट दिशेने हेच वाक्य चालणार नाही. पेन्शन घ्यायला आलेल्या आजींना तुम्ही “आजी, इथे सही मारा” म्हणालात तर त्या काही बोलणार नाहीत, पण त्यांच्या सहीची किंमत तुम्ही कमी केलीत असा अर्थ निघतो. त्यांच्या दृष्टीने ती सही जपून, कष्टाने केलेली गोष्ट आहे. ‘अंगठा मारा’ तर अजिबात म्हणू नका. काउंटरवर ते सर्रास ऐकू येतं, तरी नका म्हणू. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या मनाला ते बोचतं. ‘अंगठा लावा’ म्हणा. तसंच ‘झेरॉक्स मारून आणा’ऐवजी ‘काढून आणा’. समोरच्याचं काम त्याच्यासाठी मोठं असेल तर तिथे ‘करणे’, ‘घेणे’, ‘काढणे’, ‘लावणे’ वापरा.

यातून एक सोपी कसोटी मिळते. ‘मारणे’ काढून तिथे ‘करणे’ किंवा ‘घेणे’ घालून पाहा. वाक्य टिकलं तर ‘मारणे’ तिथे बोलण्याच्या सुराकरता आलंय: सही, फोन, मेल, चहा. हे अनौपचारिक, बरोबरीच्या माणसांतलं. वाक्य कोसळलं तर तो भाषेचा जुना, प्रतिष्ठित वाक्प्रचार असण्याची शक्यता जास्त. हाक मारणे, मिठी मारणे, उडी मारणे, ताव मारणे. ‘हाक केली’ असं मराठीत होत नाही. हे शब्द कोणासमोरही वापरा, अर्जातसुद्धा लिहा. ‘शेरा मारणे’ तर कचेरीतलाच शब्द आहे. वरिष्ठांनी फायलीवर शेरा मारला यात काहीच हलकं नाही. ‘शिक्का मारणे’ही तसंच, तिथे तर खरोखर आघात होतो. पण ‘कल्टी मारणे’ म्हणजे सटकणे, ‘शायनिंग मारणे’ म्हणजे मिरवणे, ‘मस्का मारणे’ म्हणजे खुशामत करणे. इथे ‘करणे’ बसत नाही, तरी हे पोरांच्या कट्ट्यावरचेच शब्द. म्हणजे कसोटीच्या या बाजूला कानाची मदत घ्यावी लागते.

कामगारांची आणि शेतकऱ्यांची भाषा मात्र या हलक्याफुलक्या बोलीत जमा करू नका, हे मी आग्रहाने सांगेन. औषध मारणे, तणनाशक मारणे, रोटर मारणे, रंग मारणे, वेल्डिंग मारणे हे त्या त्या धंद्यातले नेमके शब्द आहेत. ‘फवारणी’ हा शब्द कृषी खात्याच्या पत्रकात शोभतो, बांधावर ‘औषध मारलं’ हेच बरोबर. शेतकऱ्याशी बोलताना तुम्हीही “औषध कधी मारलं?” असंच विचारा. त्यात अनादर नाही, उलट त्याच्या कामाची माहिती असल्याची खूण आहे. आणि भिंतीला चुना मारतात, माणसाला चुना लावतात. पहिलं काम रंगाऱ्याचं, दुसरं ठकाचं. एका क्रियापदाच्या फरकाने सगळं उलटतं, तेव्हा कर्जदार “चुना मारायचा राहिलाय” म्हणाला तर घाबरू नका.

आता व्याकरणाची एक किल्ली देतो. ती पुस्तकात असते, पण तिचा इथे किती उपयोग होतो ते कोणी सांगत नाही. भूतकाळात मराठीचं सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं, म्हणजे कर्मणि प्रयोग. लोक बोलताना नाम गाळतात, पण त्याचं लिंग क्रियापदाला चिकटून राहतं. दांडी, थाप, चक्कर, उडी, बाजी, पलटी यांच्यासाठी ‘मारली’. चहा, फोन, मेसेज, शिक्का, पेग, डल्ला यांच्यासाठी ‘मारला’. औषध, पाकीट, मैदान यांच्यासाठी ‘मारलं’. गप्पा, बाता, माशा यांच्यासाठी ‘मारल्या’, आणि पैसे ‘मारले’. “काल ऑफिसला का नव्हतास?” “मारली.” इथे नाम कुठेच नाही, पण स्त्रीलिंगावरून आणि प्रसंगावरून दांडी कळते.

खरोखर मारहाण झाली असेल तर ते कसं ओळखायचं? माणसाला ‘ला’ लागतो, वाक्यात दुसरं नाम नसतं, आणि क्रियापद ‘मारलं’वर थांबतं: “त्यानं भावाला मारलं.” हा भावे प्रयोग. “त्यानं मला मिस कॉल मारला” यातही ‘मला’ आहे, पण ‘मारला’ हे पुल्लिंगी रूप मिस कॉलकडे बोट दाखवतं, म्हणजे तुम्ही सुखरूप आहात. ‘मारलं’चा अर्थ नुसती मारहाण की जीव घेणं, हे मात्र संदर्भावर आहे. “आईनं पोराला मारलं” म्हणजे धपाटा घातला. “शिवाजी महाराजांनी अफझलखानाला मारलं” यात 1659 सालचा प्रतापगड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्या जिल्ह्यातलाच गड आहे, जाऊन या. रोजच्या बोलण्यात जीव घेतल्याचं सांगायचं असेल तर माणसं बहुधा ‘मारून टाकलं’ किंवा ‘ठार मारलं’ म्हणतात. साप, डास, उंदीर यांना ‘ला’ बहुधा लागत नाही: साप मारला, डास मारले.

तुमच्या ग्राहकाचे पैसे मारले, ते काय? पैसे मारणे म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचे पैसे गिळणे, परत न देणे. पाकीट मारणे, डल्ला मारणे हे त्याचेच भाऊबंद. बँकेचं कर्ज मात्र ‘बुडवतात’. तेव्हा “माझे पैसे मारले” ही फसवणुकीची तक्रार आहे, ती गांभीर्याने ऐकून घ्या, लेखी मागा. नेमके कशात आणि कसे गेले हे त्या एका शब्दावरून कळणार नाही. उधारी बुडाली, वजनात फसवलं, की खात्यातून रक्कम गेली, हे विचारावंच लागेल.

काही ठिकाणी मारणारा कोणीच नसतो. “मासळीचा वास मारतोय,” “कापडाचा रंग जरा पिवळसर झाक मारतो,” “खिडकीतून उजेड डोळ्यांवर मारतो.” इथे झटका, घाई काही नाही, वास, रंग किंवा उजेड आपल्या इंद्रियावर येऊन आदळतो. तमिळमध्येही वास ‘अडि’तोच, त्यामुळे तुम्हाला हे परकं वाटणार नाही. पण मराठीत वास मारतो तो नकोसाच. मोगऱ्याचा वास येतो, सुटतो, दरवळतो. कोणाच्या घरी जेवायला गेलात आणि “छान वास मारतोय” म्हणालात तर यजमानीणबाईंचा चेहरा उतरेल.

आता जपून ऐकायचे आणि मुळीच न बोलायचे प्रयोग. ते टाळून उत्तर पूर्ण होणार नाही. मुलग्यांच्या घोळक्यात ‘त्याची मारली’, ‘साहेबांनी माझी मारली’ असं ऐकाल. अर्थ खरडपट्टी काढली, फजिती केली, हरवलं असा असतो, पण गाळलेलं स्त्रीलिंगी नाम अश्लील आहे. बोलणाऱ्या कित्येकांना ते आता जाणवतही नाही, तरी ऐकणाऱ्याला जाणवतं. खूण अशी की षष्ठी आहे, ‘मारली’ आहे आणि मध्ये नाम नाही. “माझी छत्री मारली” यात नाम आहे, म्हणून ती साधी चोरीची तक्रार. ‘हात मारणे’चे अर्थ चोरीपासून भरपेट खाण्यापर्यंत आहेत, पण त्यालाही एक अश्लील अर्थ आहे, तेव्हा तोही टाळा. ‘झक मारणे’ अश्लील समजला जात नाही, पण त्यात वैताग आणि तुच्छता भरलेली असते. “झक मारत येईल” म्हणजे नाइलाजाने का होईना, यावंच लागेल. स्वतःबद्दल “झक मारली आणि इथे आलो” असं माणसं म्हणतात. दुसऱ्याला म्हटलं की भांडण. ‘लाईन मारणे’ आणि ‘डोळा मारणे’ ऑफिसात गमतीनेही नको. ज्या बाईबद्दल ते बोललं जातं तिच्यासाठी त्यात गंमत नसते.

‘बोंब मारणे’चा खुलासा करतो, कारण तुम्ही तो वेगळा विचारलाय. शिमग्याला तोंडावर हाताची उलटी बाजू आपटत ओरडतात, ती बोंब. त्यामुळे ‘मारणे’ इथे अगदी शब्दशः आलंय. आता त्याचा अर्थ आरडाओरडा करणे, तक्रारीचा गवगवा करणे. “व्याज वाढलं की सगळे बोंब मारतात,” हे तुमच्या शाखेतलंच वाक्य असेल. नुसत्या ‘बोंब’चा अर्थ टंचाई असाही होतो: “सुट्ट्या पैशांची बोंब आहे.” तसंच ‘मारामार’. “पाण्याची मारामार” म्हणजे भांडण नव्हे, पाण्याची चणचण.

वर्तमानपत्रं वाचता म्हणालात, तर तिथे मुसंडी मारणे (जोरात पुढे घुसणे), बाजी मारणे (जिंकणे), पलटी मारणे (शब्द फिरवणे) हे निवडणुकीच्या दिवसांत रोज भेटतील. ‘मेख मारून ठेवणे’ हाही तुमच्या उपयोगाचा. करारातल्या एखाद्या कलमात पुढे अडचण होईल अशी खुबी लपवून ठेवली, की मेख मारली.

बरंच काही गावावर आणि माणसांवर अवलंबून आहे. उद्या बदली विदर्भात झाली तर ‘गप्पा मारत बसलो’ऐवजी ‘गोष्टी करत बसलो’ ऐकाल. मुंबईत हिंदी मिसळल्यामुळे ‘मारणे’ आणखी सैल सुटलेलं आहे. वयाचाही फरक पडतो. साठीपुढचे काही शिक्षक ‘फोन मारला’ ऐकून आजही कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांच्यापुढे तो शब्द न वापरणं हेच योग्य.

तुम्ही स्वतः कुठून सुरुवात करावी? हाक मारणे, गप्पा मारणे, चक्कर मारणे हे तीन लगेच वापरायला लागा, ते कुठेही खटकणार नाहीत. मग शेतकऱ्यांबरोबर औषध आणि रोटर, गवंड्याबरोबर पाणी. ‘चहा मारू’ सहकाऱ्यांनी तुम्हाला म्हटलंय, म्हणजे त्यांनी बरोबरीचं नातं दिलंय. त्यांना तुम्हीही म्हणू शकता. शाखाव्यवस्थापकांना आधी “चहा घेऊ या का?” असंच विचारा, ते ‘मारू’ म्हणेपर्यंत.

आणि शब्दकोशाबद्दल. तुम्ही ‘मारणे’खाली शोधलंत म्हणून हाती फारसं लागलं नाही. वाक्प्रचार बहुधा पहिल्या नामाखाली दिलेले असतात, तेव्हा ‘शेरा’, ‘ताव’, ‘मेख’, ‘बोंब’ असे शोधा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 ते 1938) आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती 1857ची आहे, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात इंटरनेटवर मोफत पाहता येतात. तिथेच मॅक्सीन बर्नसन यांचा छोटा कोशही आहे. तो मराठी शिकणाऱ्यांसाठीच केलेला असल्यामुळे तुम्ही त्यापासून सुरुवात करा. मेल, प्रिंट, स्कॅन यांच्याबरोबरचं ‘मारणे’ मात्र या कोशांत मिळणार नाही, ते शाखेतल्या सहकाऱ्यांनाच विचारा.